पुण्याच्या पेठेत घर घ्यायचं तर चार वेळा बघा

"मावशी, घर मिळालं! तुझ्यापासून पाच मिनिटांवर आहे आणि इतकं शांत आहे म्हणून सांगू!" मे महिन्यात भाचीचा फोन आला. मी ना भाडं विचारलं, ना डिपॉझिट. एवढंच विचारलं, "किती वाजता बघितलंस?"

"रविवारी. तीन-साडेतीन झाले असतील."

"टोकन देऊ नकोस. मंगळवारी संध्याकाळी सातला आपण दोघी जाऊन येऊ."

मंगळवारी गेलो. जिना चढतानाच फोडणीतल्या मिरचीने तिला ठसका लागला. खाली खानावळ होती. रविवारी संध्याकाळी खानावळींना सुट्टी असते, त्यामुळे दुपारची जेवणं आवरून त्यांनी शटर ओढून घेतलेलं होतं आणि भाचीला नुसतं शटरच दिसलं होतं. आता धूर बाहेर फेकणारा पंखा बरोबर बेडरूमच्या खिडकीखाली फिरत होता. आम्ही खिडकी लावून घेतली आणि जिथे पलंग येणार त्या भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं गप्प उभ्या राहिलो. पंख्याची घरघर भिंतीतून पाठीत जाणवत होती. खाली स्टीलची ताटं एकावर एक आपटत होती. फाटकासमोर जेवायला आलेल्या मुलांच्या सतरा गाड्या लागल्या होत्या, मी मोजल्या. बोळाच्या तोंडाशी आल्यावर भाची म्हणाली, "रविवारी यातलं काहीच नव्हतं गं."

खरंच नव्हतं. एजंट नेमका अशाच वेळी घर दाखवतो. तिच्यासाठी मी तेव्हा जे जे सांगितलं, ते पेठेत राहायला येणाऱ्या दुसऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून लिहून काढते आहे. मी १९९१ साली वाईहून लग्न होऊन पुण्याच्या नारायण पेठेत आले. पंधरा वर्षं वाड्यातल्या दोन खोल्यांत काढली, वाडा पाडल्यावर साडेचार वर्षं भाड्याच्या घरांत हिंडलो आणि आता त्याच जागेवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मधली बावीस वर्षं अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात हिशेब लिहिले. म्हणजे घरही इथे आणि नोकरीही इथेच. इथलं सुख आणि इथला जाच, दोन्ही चांगलं ओळखते.

चार वेळा म्हणजे कोणत्या?

पहिली वेळ सकाळी सहा-साडेसहाची, कामाच्या दिवशी. या वेळी पाणी कळतं. वरच्या मजल्यावरचं घर असेल तर घरमालकाला सांगून स्वयंपाकघरातला नळ आणि मोरीतला नळ एकाच वेळी सोडून बघा. पाणी थेट येतं का टाकीतून, टाकी कितीची आहे, मोटार कोण लावतं आणि ती बिघडली तर पैसे कोण देतं, हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नव्हे. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की पुण्यात बहुतेक वेळा गुरुवार येतो, म्हणून बुधवारी रात्री दोन बादल्या आणि एक पातेलं भरून ठेवायची सवय मला अजून आहे. सकाळची वेळ तशी पेठेची सगळ्यात गोड वेळ. कुठूनतरी घंटेचा आवाज येतो, दूधवाल्याची सायकल जाते, रस्ता झाडलेला असतो. या वेळेवर भाळून मात्र होकार देऊ नका.

दुसरी वेळ दुपारी एक ते चार. बरीच दुकानं या वेळात बंद असतात, गल्ली वामकुक्षी घेते. तेव्हा आवाज ऐकायचा नाही, ऊन बघायचं. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या असतात की कित्येक घरांत भर दुपारी दिवा लावावा लागतो. बाथरूमच्या भिंतीला हात लावा. एप्रिल-मेमध्येही ती गार आणि ओलसर लागली, तर पावसाळ्यात कपडे वाळणार नाहीत आणि कपाटाच्या मागे बुरशी धरेल.

तिसरी वेळ संध्याकाळी सात ते आठ, आणि ही मंगळवार ते शनिवारमध्येच. सोमवारी लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे सोमवारची संध्याकाळ फसवी. रविवारचं तुम्ही वर वाचलंच. तुमची स्वतःची गाडी घेऊन या आणि मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत ती चालवत आणून बघा. एकेरी रस्त्यांचं गणित नकाशावर समजत नाही. शिवाजी रस्त्याने शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जायचं, बाजीराव रस्त्याने उलट परत यायचं, लक्ष्मी रस्त्याने पश्चिमेला अलका चौकाकडेच निघायचं. पायी पाच मिनिटांवरचं घर गाडीने वीस मिनिटांवर जातं ते यामुळे. दारात पोचल्यावर गाडी कुठे लावणार ते बघा. "लागते हो कुठेतरी" हे उत्तर ऐकून घेऊ नका. जागा दाखवा म्हणा.

चौथी वेळ रात्री अकराची. लोक ही सगळ्यात जास्त टाळतात आणि झोप तर हीच ठरवते. हॉटेलं बंद झाल्यावर भांडी घासायला बसतात. दुकानांचा माल घेऊन टेम्पो येतात, कारण दिवसा त्यांना गल्लीत शिरता येत नाही. कुठे मंडळाच्या कट्ट्यावर मुलं बसलेली असतात, कुठे मोटारसायकलचा सायलेन्सर फुटका असतो. अर्धा तास खाली उभं राहा. एकट्या बाईला जमणार नसेल तर कुणालातरी बरोबर न्या, पण जाच.

या चारही वेळी एकच गोष्ट डोक्यात ठेवा. रस्त्याकडची खोली दिवाणखान्याला आणि आतली, मागच्या अंगाची खोली झोपायला. एजंट तुम्हाला रस्त्याकडची मोठी खोली 'मास्टर बेडरूम' म्हणून दाखवेल. ऐकू नका. आमच्या घरात सगळ्यात लहान खोली झोपायची आहे, दहा बाय नऊची. तिची खिडकी मागच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. दिसत काहीच नाही, पण झोप लागते.

भाचीने नंतर तीन घरं अशी चार-चार वेळा बघितली. शेवटी सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या मागच्या अंगाला घेतलं. पहिल्या घरापेक्षा खोल्या लहान आहेत.

इमारतीचं वय आणि नदीचं अंतर

जुना वाडा असेल तर लाकडी जिन्याच्या पायऱ्यांपेक्षा आधी विजेच्या तारा बघा. कापडी वेष्टणाच्या, चिनी मातीच्या फ्यूजच्या जोडण्या अजूनही काही घरांत आहेत. त्यावर तुम्ही गीझर, मिक्सर आणि एसी चालवणार. करंट गळाला तर आपोआप बंद पडणारा स्विच बसवून द्या, ही अट मालकाला घाला आणि तो बसल्याशिवाय सामान हलवू नका. बोळ किती रुंद आहे तेही मोजा. अग्निशमन दलाची गाडी आत येत नसेल, तर निदान गॅस सिलिंडर जिन्याखाली साठवणारे शेजारी आहेत का, एवढं तरी बघून ठेवा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी नोटीस लागलेली आहे का, हे मालक आपणहून सांगत नाही. दाराच्या आसपास चिकटवलेला कागद शोधा, भाडेकरूंना विचारा.

नारायण आणि शनिवार पेठेत नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत तळमजला घेताना माझ्या सासूबाईंचं ऐका. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याच्या धरणालाही भगदाड पडलं आणि पाणी पेठांत शिरलं. सासूबाई तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे उंचावर पळाले. परत आल्या तेव्हा घरातला गाळ काढायला आठ दिवस लागले आणि लग्नातलं रुखवत गाळातून एक-एक करून वेचलं. वाडा पाडेपर्यंत जिन्याजवळच्या भिंतीवर त्या पुराची रेघ होती. तसा पूर रोज येत नाही. पण धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि नदीपात्रात लावलेल्या गाड्या वाहून जाण्याच्या बेतात येतात. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी पात्रात लावून झोपायला जाऊ नका.

करारनाम्याबद्दल थोडक्यात. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. "आपल्यात कशाला कागद" म्हणणारा मालक कितीही प्रेमळ वाटला, तरी नोंदणी करून घ्या. घरी बसून ऑनलाइन होते. इमारत पुनर्विकासाला जाणार असल्याची चर्चा आहे का, हे आधीच विचारा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा बोचकी बांधावी लागतात. आमचा वाडा ज्या बिल्डरने घेतला त्याने 'दोन वर्षांत घर' म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षापासून त्याने आमचं भाडं देणं बंद केलं. तेव्हा आमच्या करारात उशीर झाला तर काय, याबद्दल एक ओळही नव्हती. ती ओळ असावी, एवढं मी प्रत्येकाला हात धरून सांगते.

गाडी

चारचाकी असेल आणि इमारतीत नावावर जागा नसेल, तर पेठेत राहायला येताना ती गावी ठेवून या किंवा विकून टाका. मी हे गंभीरपणे सांगते आहे. आमच्या यजमानांनी हौसेने घेतलेली गाडी आम्ही सहा वर्षं सांभाळली. जागा जाईल या भीतीने शनिवार-रविवारी ती बाहेरच काढायची नाही, अशी वेळ आली होती. २०१४ साली विकली. त्या दिवसापासून घरातली निम्मी चिडचिड संपली.

दुचाकी हवी, पण एक. पी१, पी२ च्या पाट्या नीट वाचायला शिका. एका बाजूला सम तारखेला, दुसऱ्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची असते. रात्री अकराला बरोबर लावलेली गाडी सकाळी तारीख बदलल्यामुळे चुकीची होते आणि उचलून नेली जाते. झोपताना उद्याची तारीख बघायची, एवढी सवय लावून घ्या. पाहुणे गाडी घेऊन येणार असतील तर त्यांना हमालवाडा किंवा मंडईजवळच्या वाहनतळावर लावायला सांगा आणि घ्यायला स्वतः चालत जा. पत्त्यावरून त्यांना घर सापडणार नाही. पेठेतले घरक्रमांक ओळीने नसतात, तुमच्या शेजारचा आकडा तिसऱ्याच गल्लीत निघतो. पत्ता सांगायचा तो देवळावरून: पत्र्या मारुतीपासून आत, मोदी गणपतीच्या अलीकडे, असा. नव्या घरात गेलात की पहिल्याच दिवशी जवळचं देऊळ आणि तिथून किती पावलं, ही दोन वाक्यं पाठ करून टाका. रिक्षा, सिलिंडर, अँब्युलन्स, सगळ्यांना तीच सांगायची आहेत.

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ, मंडई ही स्टेशनं आली. भाचीचा नवरा पिंपरीत नोकरीला आहे. मंडईला बसतो आणि गाडी न बदलता थेट उतरतो. घरापासून मंडई स्टेशन दहा-बारा मिनिटं चालत. पेठेत घर शोधताना 'ऑफिस जवळ आहे का' यापेक्षा 'स्टेशनपर्यंत चालत जाता येतं का' हे विचारा. संध्याकाळच्या गर्दीत तेच खरं अंतर आहे.

चालत काय काय मिळतं

एवढा जाच सोसून मी इथे का राहते, ते आता सांगते.

मागच्या दिवाळीत पंख्याचा कपॅसिटर गेला. साडेपाचला घरातून निघाले, तपकीर गल्लीत घेतला, येताना बोहरी आळीतून कपाटाला दोन बिजागऱ्या, रविवार पेठेतून कागदी पिशव्या, तुळशीबागेतून सुनेला हव्या असलेल्या टिकल्या. पावणेआठला घरी, पंखा फिरत होता. दुसऱ्या भागात राहणाऱ्या माझ्या बहिणीला याच कामासाठी मेकॅनिकची तीन दिवस वाट बघावी लागते.

पण वस्तू मिळतात एवढंच नाही. त्या वस्तूंची माणसं मिळतात. सासूबाईंचा तांब्याचा बंब तळाशी गळायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, मोडीत काढा. मी तो कसब्यात तांबट आळीत नेला. तिथल्या कारागिराने बंब उलटा केला, आत दिवा धरला आणि बाहेरून अंगठ्याने चाचपत चाचपत भोक शोधलं. सुईच्या टोकाएवढं होतं. "पत्रा चांगलाय, टाकू नका," म्हणाला. डाख लावून भोक बुजवलं, चिंच लावून घासून दिला. तो आता रोज पेटत नाही. पण नरक चतुर्दशीला पहाटे त्यातलंच पाणी काढतो. पेठेत राहणाऱ्याने मोडीत काढायच्या आधी प्रत्येक वस्तू एकदा त्या त्या आळीत नेऊन दाखवावी: सूप-टोपली बुरूड आळीत, तांबं-पितळ तांबट आळीत.

खरेदीची वेळ सांभाळा म्हणजे गर्दी लागत नाही. महात्मा फुले मंडईत सकाळी आठच्या आत जा. १८८६ साली उघडलेली ती दगडी अष्टकोनी इमारत, आत उंच छताखाली मांडलेले ओटे, सकाळच्या तिरप्या उन्हात ओल्या पालेभाजीचा वास. मी तिथे अजूनही कधी घाईत जात नाही. गवारीची शेंग मोडून बघू देतात. एकाच गाळ्यावर सहा महिने जात राहिलात की भाव विचारायची गरज उरत नाही. अळूची पानं, कोवळ्या हळदीचे गड्डे आले की तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. तुळशीबागेत जायचं तर सकाळी अकरा-साडेअकराला, दुकानं उघडता उघडता. अप्पा बळवंत चौकात शाळेची पुस्तकं घ्यायला जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येऊ नका. मे महिन्यातच याद्या घेऊन या, दुकानातली माणसं तुमच्याशी दोन शब्द बोलू शकतील.

आणि ग्रंथालयाचं वर्गणीदार व्हा. लक्ष्मी रस्त्यावर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून. घर लहान असलं की घरातल्या प्रत्येकाला दिवसातून तासभर घराबाहेर बसायची जागा लागते. माझ्या मुलाने दहावीचा अभ्यास असाच केला, आणि मी नोकरीतून सुटल्यावर दुपारी तिथेच जाते.

गणपतीचे दहा दिवस

पेठेत राहायचं तर गणपतीच्या तयारीला आषाढापासून लागावं लागतं. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, ते संध्याकाळी दोन-तीन तास चालतात. मग मांडवाचे खांब येतात. तुमच्या दारासमोर मांडव पडणार असेल तर खड्डे खणायच्या आधी मंडळाच्या मुलांशी बोला: जिन्याचं तोंड मोकळं राहील का, आजारी माणसाला बाहेर काढायला खुर्ची जाईल एवढी वाट सुटेल का. मुलं ऐकतात. खांब उभे राहिल्यावर गेलात तर त्यांनाही काही करता येत नाही आणि मनं दुखावतात.

उत्सव सुरू व्हायच्या आठवडाभर आधी सिलिंडर भरून घ्या, पंधरा दिवसांची औषधं आणा, कडधान्यं-पीठ भरून ठेवा. गौरी गेल्यावर देखावे बघायला जी गर्दी लोटते, त्यात संध्याकाळी पाचनंतर भाजीची पिशवी घेऊन लक्ष्मी रस्ता ओलांडणं कठीण होतं. दुचाकी पुलापलीकडे ओळखीच्यांकडे ठेवा. घरात तान्हं मूल असेल किंवा हृदयाचा आजार असलेलं माणूस असेल, तर शेवटचे दोन दिवस त्यांना नातेवाइकांकडे पाठवा. यात देवाचा काही अपमान नाही. विसर्जनाची मिरवणूक सकाळी मंडईपासून निघते. पुढे मानाचे पाच गणपती असतात: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. तिकडे केळकर, कुमठेकर, टिळक रस्त्यांनीही मंडळं येत राहतात. अलीकडे ती पूर्ण संपायला २८ तासांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे एक अख्खी रात्र आणि दुसरा दिवस.

२०१५ च्या त्या रात्री दीड वाजता सासूबाईंना दम लागला. केळकर रस्ता माणसांनी भरलेला. १०८ ला फोन केला, त्यांनी विचारलं, गाडी कुठपर्यंत येईल? मला सांगता येईना. खाली पळत जाऊन मंडळाच्या एका पोराला सांगितलं. त्याने हात वर करून ढोल थांबवले. आमच्याच घरातली प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यात सासूबाईंना बसवलं, साडीचा पदर पोटाशी बांधला, आणि चौघांनी चार पाय धरले. ज्या बोळातून मी चोवीस वर्षं जात होते तो त्या रात्री मला ओळखू येईना. पोरं पुढे ओरडत होती, "आजी आहे, आजी आहे," आणि माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. नदीच्या बाजूला गर्दी कमी होती, तिथे अँब्युलन्स उभी करून घेतली. सासूबाई त्यातून वाचल्या, पुढे चार वर्षं होत्या. दरवर्षी त्या पोरांना आमच्या घरी उकडीचे मोदक असतात.

तेव्हापासून मी गणपतीच्या आधी कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवते: कोणत्या बोळाने बाहेर पडायचं, अँब्युलन्स कुठे थांबवायची, मंडळातल्या दोघांचे फोन. तुम्हीही लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

आवाजाबद्दलही स्पष्ट बोलते. ढोल मला चालतो, दोन तासांनी तो पुढे जातो. स्पीकरच्या भिंती लावतात तेव्हा मात्र कपाटातली काचेची भांडी थरथरतात आणि छातीत धडधड होते. हा उत्सव नव्हे, असं मी मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं आहे. कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. सूट कोणत्या दिवशी आहे ते वर्तमानपत्रात येतं. कात्रण कापून ठेवा. बाकीच्या दिवशी दहानंतर वाजलं तर आधी खाली जाऊन बोला. नाही ऐकलं तर ११२ ला फोन करा. तक्रार करताना लाजू नका, तुमच्या मागच्या खोलीतही कुणीतरी म्हातारं माणूस झोपलेलं असतं.

पालखीचे दिवस वेगळे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या लक्ष्मी रस्त्याने भवानी आणि नाना पेठेत मुक्कामाला जातात. रस्ते तेव्हाही बंद असतात, पण त्या दिवशी मी कामाला सुट्टी टाकायची ती टाकायचीच. पन्नास पोळ्या, सुकी भाजी, आणि पाय शेकायला गरम पाणी. नव्याने राहायला आलेल्यांनी हे एकदा करून बघा, आपल्या गल्लीतली माणसं ओळखीची व्हायला दुसरं काही लागत नाही.

मुलं, म्हातारी माणसं, आणि किल्ली

लहान मुलं असतील तर खेळायला मैदान कुठे, हा प्रश्न पेठेत सुटत नाही. मुलांना घेऊन रोज संध्याकाळी अर्धा तास बाहेर पडावं लागेल. आम्ही पूल ओलांडून संभाजी बागेत न्यायचो. म्हाताऱ्यांना मात्र पेठ मानवते. देऊळ, वाणी, औषधांचं दुकान, डॉक्टर, सगळं खाली उतरलं की आहे आणि दिवसभर रस्त्यावर माणूस दिसतं. फक्त लिफ्ट हवी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या वर म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका, ते तिथेच अडकून बसतं.

सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुलं-मुली राहतात. एका खोलीत चार कॉट, सकाळी सातला अभ्यासिकेत, रात्री अकराला परत. शेजारी अशी मुलं आहेत म्हणून घर नाकारू नका. रात्री जिन्यात मोठ्याने फोनवर बोलू नका, एवढं पहिल्या आठवड्यात शांतपणे सांगा आणि त्यांचं नाव, गाव विचारून घ्या. लातूर, नांदेड, बीड, कुठून कुठून आलेली असतात. संक्रांतीला वडीभर तिळगूळ दिला की वर्षभर तुमचं सिलिंडर तेच वर चढवून देतात.

सामान लागल्यावर भाचीला मी शेवटचं काम सांगितलं ते किल्लीचं. वाड्यात कुलूपच नसायचं, आता प्रत्येक मजल्यावर सुरक्षा दार असतं आणि समोरच्याचं नाव माहीत नसतं. किल्लीचा एक जोड समोरच्या घरात द्या, आणि त्यांची मागून घ्या. भाची आधी कचरली. मग डबाभर चिवडा घेऊन गेली, समोरच्या आजींनी दार उघडलं, तिला आत बसवून कॉफी दिली, आणि उठताना फ्रिजवरच्या डब्यातून स्वतःहून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "बरं झालं आलीस. आमची किल्ली घेणारे तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेले."